शाबासकीचे उत्तर

मराठवाड्यात, लातूर जिल्ह्यातील चाकूरच्या एखाद्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवास आलेल्या शेजारणीने घरधनिणीच्या अंगावरील इरकल निरखून पाहिले आणि "लुगडं लई खुलून दिसायलंय की तुमाला" असे म्हटले, म्हणजे त्यावरचे उत्तर बहुधा ठरलेले असते : "कशाचं काय माय, जुनंच हाय, भावानं घेतलंय दिवाळीला." एवढ्या लहानशा उत्तरात तीन कार्ये एकदम साधतात. वस्तू जुनी ठरवून दृष्ट टाळली जाते, आपली निवड नव्हे असे सुचवून गर्वाचा दोष दूर ठेवला जातो, आणि भावाचे स्मरण करून ती स्तुती तिच्या खऱ्या धन्याकडे पोचती होते. ज्या समाजात गोंडस मुलाच्या गालावर काजळाची तीट लावली जाते आणि कौतुकाचा दिवस मावळताच मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या जातात, त्या समाजात स्तुती ही स्वतःपाशी ठेवून घेण्याची चीज कधीच नव्हती.

त्याच घरातील नात इंग्रजीच्या तासाला जोडीदारणीसमोर उभी राहते. "युवर ड्रेस इज ब्युटिफुल" हे वाक्य कानी पडताच "नो, नो, ओल्ड" असे शब्द तिच्या ओठांवर येतात. आणि शिक्षिका सौम्यपणे दुरुस्ती करते, की अशा वेळी केवळ "थँक यू" म्हणावे. मुलगी ते म्हणते खरी, परंतु दुसऱ्याचे काहीतरी उचलून खिशात घातल्यासारखा संकोच तिच्या मुद्रेवर क्षणभर उमटतो. तिची अडचण व्याकरणाची नाही. मिळालेली स्तुती ठेवावी कोठे, हा तिच्यापुढचा प्रश्न आहे, आणि या भूमीला तो नवा नाही.

१९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दप्तरातील फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले. घरी मराठी बोलणाऱ्या माणसास कचेरीत, कोर्टात आणि वरच्या शाळेत परक्या अदबीचे धडे गिरवावे लागत. अर्जाचा आरंभ "बखिदमत जनाब तहसीलदार साहब" असा होई, आणि अर्जदार स्वतःचा उल्लेख "फिदवी" असा करी. कोणी प्रशंसा केलीच, तर "आपकी जर्रानवाजी है" म्हणावयाचे. म्हणजे मी तर धुळीचा कण, त्याला थोरवी दिलीत हे औदार्य आपले. आजीचे उत्तर स्तुती भावाकडे पाठवी, उर्दूची रीत ती स्तुती करणाऱ्याकडेच परत करी. दोन्ही ठिकाणी घेणारा हात रिकामाच राही. म्हणूनच ही परकी अदब मराठी जिभेला जड गेली नाही.

तिच्या खुणा भाषेत आजही आहेत. पाठीवर थाप मारून आपण जे "शाबास" म्हणतो, ते मूळचे फारसी "शाद बाश", अर्थात आनंदी राहा; ती प्रशंसा असूनही तिचे रूप आशीर्वादाचे आहे. "तारीफ", "कदर", "मेहेरबानी" ही त्याच वाटेने आलेली मंडळी आहेत, आणि पुरस्काराने कोणास "नवाजणे" हे त्या "नवाजी"चेच मराठी अपत्य होय. शेजारी आपले देशी धन होतेच : व्याख्यानापासून झालेले "वाखाणणे", आणि मूळ कुतूहलाच्या अर्थापासून वात्सल्यापर्यंत येऊन पोचलेले "कौतुक".

पुढे राज्य पालटले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. उर्दूची सक्ती सरली, इंग्रजीची ओढ वाढली, आणि २००० पासून महाराष्ट्राच्या शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून आली. खेड्यातील मूल "थँक यू" म्हणावयास आजीच्या मांडीवरून उतरताच शिकू लागले.

परंतु इंग्रजीत स्तुतीचे उत्तर एकच, हा समज त्या भाषेवरही अन्याय करणारा आहे. अमेरिकेतील जोन मेन्स व नेसा वुल्फसन या विदुषींनी सुमारे सातशे प्रशंसावचने जमवून १९८१ मध्ये दाखविले, की त्यांपैकी बहुतेक तीनच वाक्यरचनांत बसतात. म्हणजे स्तुती करण्याचा साचा तेथे खरोखरच आखूड आहे. उत्तराची गोष्ट मात्र वेगळी. अनिता पोमेरान्ट्झ यांनी १९७८ मध्येच निदर्शनास आणले होते, की बोलणाऱ्याशी सहमत व्हावे तर आत्मस्तुती होते आणि आत्मस्तुती टाळावी तर त्याचा शब्द मोडतो, या कात्रीत इंग्रजी बोलणारा माणूसही सापडतो. आणि तोही वस्तूचे मोल थोडे उतरवतो किंवा श्रेय दुसऱ्याकडे वळवतो. चाकूरच्या आजीस जे परंपरेने ठाऊक होते, ते त्या दूरच्या लोकांनाही आपल्या परीने साधावे लागते.

म्हणून शिक्षिकेने "थँक यू" अवश्य शिकवावे, कारण समोरच्याने प्रेमाने दिलेला शब्द झिडकारू नये, हाही एक संस्कारच आहे. पण मुलीच्या ओठांवरचे पुढचे वाक्य मात्र दाबू नये. "थँक यू," ती म्हणेल, "माय अंकल बॉट इट." पहिल्या शब्दांनी देणाऱ्याचा मान राहील, आणि दुसऱ्यांनी ती स्तुती आजीच्या रीतीप्रमाणे मामाच्या घरी पोचेल.