शिंदे घाटाचे शिखर आणि जंगलाची भूमिती

काशीचा शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास बांधविला. दगडी काम इतके अवजड झाले की किनाऱ्याच्या मातीला ते पेलवले नाही आणि घाट खचला. तेथेच पाण्यालगत रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही कललेले उभे आहे. वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा गंगेच्या पाण्याखाली असतो. येणाराजाणारा त्याचे कलणे पाहतो. शिखराकडे मात्र फारसे कोणी निरखून पाहत नाही. नागर शैलीच्या या शिखराच्या अंगाला त्याच्याच घडणीची लहान शिखरे बिलगलेली आहेत.

आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील कीर्ती त्रिवेदी यांनी १९८९ मध्ये एका शोधनिबंधात हिंदू मंदिरांच्या या रचनेची सांगड फ्रॅक्टल भूमितीशी घातली. भागात पूर्णाचाच आकार पुन्हा दिसावा, हे या भूमितीचे मुख्य लक्षण. ‘फ्रॅक्टल’ हा शब्द बन्वा मँडेलब्रो यांनी १९७५ मध्ये ‘मोडलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घडविला. ढग गोलासारखे नसतात आणि डोंगर शंकूसारखे नसतात, तेव्हा निसर्गाच्या खडबडीतपणालाही मोजमाप हवे, हा त्यांचा आग्रह होता. रेषेची मिती १, पृष्ठाची २. झाडाच्या पर्णसंभाराची मिती या दोन पूर्णांकांच्या पलीकडे, २ आणि ३ यांच्या दरम्यान कोठेतरी पडते. प्राचीन स्थपतींना हे गणित अवगत होते, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. शिखरात आकार पुन्हा येतो, कारण शिल्पशास्त्राला तो तसा हवा होता. झाडात तो का येतो, हा निराळा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाचा पहिला धागा लिओनार्दो दा विंची यांच्या टिपणवह्यांत सापडतो. कोणत्याही उंचीवरच्या सर्व फांद्या एकत्र बांधल्या तर त्यांची जाडी खोडाएवढी भरते, असे त्यांनी नोंदविले. पुढे १९६८ मध्ये आरिस्टिड लिंडेनमायर यांनी शेवाळाच्या तंतूंची वाढ मोजक्या नियमांच्या पुनरावृत्तीने मांडून दाखविली. संगणकाच्या पडद्यावरची झाडे आज त्याच पद्धतीने वाढतात. चित्र हुबेहूब आले, पण कारण उरलेच.

कारणाची निकड जंगलात काम करणाऱ्यांना होती. शिंदे घाटाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर काशी हिंदू विश्वविद्यालय आहे. तेथे रामदेव मिश्र यांनी भारतातील परिस्थितिकीच्या अभ्यासाचा पाया घातला. पुढे जे. एस. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंध्य पठारावरील शुष्क वनांचे वजन, वाढ आणि कार्बन यांचा हिशेब मांडला. जंगलाचे वजन करायचे म्हणजे काही झाडे तोडून, वाळवून, तागडीत घालायची आणि त्यांच्या घेरावरून उरलेल्यांचा अंदाज बांधायचा. ज्या वनाला आधीच कुऱ्हाड लागलेली आहे, त्याच्या अभ्यासासाठी पुन्हा कुऱ्हाड उचलावी लागावी, ही त्या शास्त्राची अडचण होती.

१९९७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री वेस्ट आणि परिस्थितिकीचे अभ्यासक जेम्स ब्राऊन व ब्रायन एन्क्विस्ट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात उत्तर सुचविले. मुळापासून पानापर्यंत पाणी पोहोचविणारे जाळे सर्व जागा व्यापते, वाहतुकीचा खर्च कमीत कमी ठेवते आणि त्याची शेवटची नळी लहानमोठ्या सर्व झाडांत सारखीच असते. एवढ्या गृहीतांतून झाडाचे वजन व्यासाच्या ८/३ घाताप्रमाणे वाढते, असे निघते. व्यास दुप्पट झाला की वजन सहा पटींहून थोडे अधिक.

याच मांडणीचे पुढचे पाऊल अधिक धाडसी होते. दुप्पट व्यासाच्या झाडाला चौपट पाणी लागते, म्हणून भरलेल्या जंगलात अशा झाडांची संख्या एक चतुर्थांश असावी. एका झाडात जाड फांद्या थोड्या आणि बारीक पुष्कळ, तेही याच प्रमाणात. म्हणजे सारे जंगल हे जणू एकच झाड!

कल्पना मोहक खरी. पण जंगलाने ती सहजासहजी मान्य केली नाही. हेलेन म्युलर-लँडाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उष्ण कटिबंधातील १४ मोठ्या वनक्षेत्रांतील २० लाखांहून अधिक झाडांच्या नोंदी तपासल्या. व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा तो नियम एकाही ठिकाणी नीट बसला नाही. झाडे केवळ पाण्यासाठी स्पर्धा करत नाहीत. ती सावलीत खुंटतात, वादळात मोडतात, रोगाने मरतात.

भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये तामिळनाडूतील मुदुमलैच्या जंगलात ५० हेक्टरांचा कायमचा अभ्यासपट्टा आखला. तेथील प्रत्येक खोडाला क्रमांक आहे आणि वर्षानुवर्षे त्याचा माग ठेवला जातो. सूत्राच्या हिशेबाने तेथे कोवळ्या खोडांची दाटी असायला हवी. प्रत्यक्षात उन्हाळ्यात जमिनीलगत आग फिरते, हत्ती खोडे मोडतात, साली सोलतात, आणि लहान झाडांची रांग विरळच राहते. सूत्राची रेषा आणि मोजणीची रेषा यांच्यामध्ये जी फट उरते, तिच्यात आग आणि हत्ती दोघेही वाचता येतात.