पहिलंच टेबल का?

मागच्या महिन्यात एका क्लायंटच्या सॅलरी स्लिप्स एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेसमध्ये हलवत होतो. जुनी स्टोअर्ड प्रोसिजर डिझायनरला जोडली, दिसले ते कॉलम पानावर ओढले, खाली बेरीज टाकली. झालं की काम! टेस्टिंगच्या वेळी अकाउंट्समधल्या काकांनी चष्मा सारखा करत विचारलं, "पीएफ कापायचा बंद केलात का हो?"

प्रोसिजर दोन टेबलं देत होती. आधी मिळकत, मग कपात. डिझायनरने पहिलं घेतलं, दुसरं गुपचूप सोडून दिलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. मीही प्रोसिजर उघडून वाचली नव्हती. काका नसते तर?

शनिवार-रविवार याचं मूळ शोधण्यात गेला.

१९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यात टेबलांवर काहीही क्रिया करा, उत्तर एकच टेबल. रिपोर्ट डिझायनर याच समजुतीवर वाढले.

१९८० च्या दशकात सायबेसने सर्व्हरमध्येच स्टोअर्ड प्रोसिजर आणल्या. नेटवर्कवर दहा खेपा घालण्यापेक्षा एका खेपेत सगळं आणलेलं बरं, हा व्यवहारी हिशोब. आत जितके सिलेक्ट, तितकी टेबलं, एकामागोमाग. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर याच सायबेसच्या कोडवर उभा राहिला, त्यामुळे सवयही वारशात आली. एखाद्या टेबलावर 'एसपी_हेल्प' चालवा, उत्तरांची रांग लागते.

म्हणजे दोन घराणी वेगळी, आणि संसार मात्र एकत्र!

१९९३ मध्ये व्हिज्युअल बेसिक ३ सोबत क्रिस्टल रिपोर्ट्स घरोघरी पोचलं. तेही पहिल्याच टेबलापाशी थांबायचं. २००२ मध्ये डॉटनेटच्या डेटासेटने अनेक टेबलं पोटात घेतली, पण नावं काय, तर टेबल, टेबल१, टेबल२. २००४ मध्ये रिपोर्टिंग सर्व्हिसेस आलं, पुन्हा फक्त पहिलं.

हा आळस नाही बरं का. डिझायनरला कॉलमची यादी रिपोर्ट चालण्याआधी हवी असते. प्रोसिजरमध्ये एखादा इफ असला की आज दोन टेबलं, उद्या तीन. आधी सांगणार कसं? २०१२ च्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम आधीच सांगणारी सोय आली, तिचं नावच 'एसपी_डिस्क्राइब_फर्स्ट_रिझल्ट_सेट'. मर्यादा नावातच कबूल केलेली!

शेवटी मी प्रोसिजर फोडून दोन केल्या. पण त्या वेगवेगळ्या क्षणी चालतात, मधे कोणी आकडा बदलला तर मिळकत जुनी, कपात नवी. म्हणून दोन्हींना त्या महिन्याच्या लॉक केलेल्या पगाराचा नंबर पाठवतो.

असो. आता जुनी प्रोसिजर हातात आली की आधी त्यातले सिलेक्ट मोजतो. आणि सॅलरी स्लिप काकांना दाखवल्याशिवाय पुढे पाठवत नाही.