‘शुअर’: निश्चिंततेपासून निश्चिततेपर्यंत

१/ होकार देताना आपण सहज म्हणतो, ‘शुअर!’ या छोट्या शब्दामागे दोन हजार वर्षांचा प्रवास आहे.

२/ मूळ शब्द लॅटिन: ‘सेक्युरुस’. ‘से’ म्हणजे विना, ‘कूरा’ म्हणजे काळजी. ज्याला काळजी नाही तो; म्हणजेच ‘निश्चिंत’.

३/ इ.स. ६९मध्ये रोमन सम्राट ओथोने नाण्यांवर ‘सेक्युरितास’ ही देवी कोरवली. रोमन जनतेला निश्चिंततेचे ते आश्वासन होते. ओथो मात्र गादीवर जेमतेम तीन महिने टिकला. यादवी युद्धात पराभव होताच त्याने एप्रिलमध्ये आत्महत्या केली.

४/ पुढे हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये झिजला. १०६६मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, फ्रेंच दरबारी भाषा झाली आणि तिच्यातून ‘शुअर’ इंग्रजीत आला. सोळाव्या शतकात तोच लॅटिन शब्द थेट उचलला गेला: ‘सिक्युअर’. म्हणून ही दोन्ही सख्खी भावंडे!

५/ शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये ‘सिक्युरिटी’ माणसाची वैरीण ठरते, कारण तिथे तिचा अर्थ सुरक्षितता नसून गाफीलपणा आहे.

६/ मराठीत ‘निश्चित’ आणि ‘निश्चिंत’ यांत फरक एका अनुस्वाराचा, पण धातू दोन: ‘चि’ आणि ‘चिंत्’. पहिला शोध घेऊन ठरवण्याचा, दुसरा विचाराचा व काळजीचा. इंग्रजीत मात्र काळजी नसण्यातूनच खात्रीचा अर्थ निघाला.

७/ या दोन अर्थांमधले अंतर किती घातक असू शकते, याची साक्ष ओथोची नाणी आजही देतात.