नाताळची सुट्टी आणि कृष्णाकाठची सहल

'नाताळची सुट्टी' हा शब्दप्रयोग मराठी घरांत इतका रुळला आहे की, त्यातील नाताळ मुळात कोणाचा, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. शब्द पोर्तुगीजांकडून आला, सुट्टी इंग्रजांकडून. शिरोळ तालुक्यातील ज्या घरांत ख्रिस्तजन्माचा सण साजरा होत नाही, त्या घरांतूनही डिसेंबरच्या अखेरीस डबे भरले जातात आणि मुलाबाळांसह मंडळी नृसिंहवाडीला, खिद्रापूरला निघतात. दिवाळीची सुट्टी भावाबहिणींची, मे महिन्याची आजोळची, आणि नाताळची सहलीची, अशी वाटणीच जणू होऊन गेली आहे. हे वळण कसे पडले, हे पाहणे उद्बोधक आहे.

इंग्रजी अमलात न्यायालये आणि कचेऱ्या नाताळात बंद राहत. राज्यकर्त्यांच्या सणाचे हे मोकळे दिवस येथील सुशिक्षितांनी स्वतःच्या कामी लावले. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईत २८ डिसेंबर १८८५ रोजी भरले आणि पुढे अनेक वर्षे अधिवेशनांचा काळ हाच राहिला. वकील आणि शिक्षक मंडळींना सवड मिळे ती याच सुमारास. मनुस्मृतीचे दहन झाले ती महाडची परिषदही २५ डिसेंबर १९२७ रोजी सुरू झाली. परक्याने दिलेली सवड आपल्या उपयोगाची करून घेण्याची ही रीत पुढे कुटुंबापर्यंत पोहोचली.

त्यापूर्वी सहकुटुंब घराबाहेर पडणे म्हणजे प्रामुख्याने यात्रा. नृसिंहवाडीला माणसे पौर्णिमेला जात, दत्तजयंतीला जात, नवस फेडायला जात. १८९१ साली कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला, १९४८ नंतर एस. टी. खेडोपाडी पोहोचू लागली, आणि तिथीची वाट न पाहता सुट्टीच्या दिवशी निघणे शक्य झाले. निसर्गाचीही अनुकूलता होती. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांचा हा तालुका पावसाळ्यात पाण्याच्या धाकात असतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर येथे कोणी विसरलेले नाही. डिसेंबरात मात्र नदी पात्रात परतलेली असते, वाडीचा घाट मोकळा असतो, शिवारात ऊसतोड चालू असते आणि हवेत गारवा असतो. मार्गशीर्षी पौर्णिमेची दत्तजयंती पुष्कळदा नाताळाच्या आगेमागेच येते. त्यामुळे यात्रा कोठे संपली आणि सहल कोठे सुरू झाली, हे वाडीत बासुंदी आणि कवठाची बर्फी घेणाऱ्या कुटुंबाला सांगता येणार नाही. सांगण्याची गरजही नाही.

खिद्रापूरची गोष्ट निराळी आहे. तेथील कोपेश्वराचे मंदिर शिलाहारांच्या काळातील, बाराव्या शतकातले. अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप, त्याच्या माथ्यावर मुद्दाम मोकळे ठेवलेले वर्तुळ, त्याखाली तशीच गोल शिळा; बाहेरच्या अंगाला सारे मंदिर पाठीवर घेऊन उभी असलेली हत्तींची रांग. शिवालय असून पुढे नंदी नाही. दक्षयज्ञाची कथा सांगून तो यडूरला दाखवला जातो. ही कथा मुलांना आवडते आणि ती सांगावीही. पण दक्षिणेच्या दाराशी देवगिरीच्या यादव सिंघणाचा संस्कृत शिलालेख आहे, तो तेराव्या शतकाच्या आरंभीचा. सिंघणाने पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोजाचा पराभव करून शिलाहारांची सत्ता संपवली. म्हणजे एका राजवंशाने उभारलेल्या देवालयाला त्याचा पाडाव करणाऱ्याने दान दिले, ही नोंद त्या दगडावर आहे. गावातच आदिनाथाचे जैन मंदिर आहे. हे सारे काही पावलांच्या अंतरात असताना बहुतेक सहली वर्तुळाखाली छायाचित्र काढून परततात.

इथे थोडे थांबावेसे वाटते. यात्रेत दर्शन पुरेसे असते, कारण श्रद्धा घरूनच बरोबर आलेली असते. सहलीत पाहावे लागते, आणि पाहणे शिकवावे लागते. ते कोणी शिकवले नाही, तर त्या हत्तींच्या तुटलेल्या सोंडा पाहून मुलांच्या मनात राहतो तो केवळ ऐकीव राग. आणि शिलालेख म्हणजे नावे कोरायला मोकळा असलेला दगड ठरतो. वास्तू पुरात टिकते, पण आपल्याच माणसांच्या अनास्थेत टिकेल याची खात्री देता येत नाही.

ज्या सणामुळे ही सुट्टी मिळाली, त्याचा इतिहासही फार दूर नाही. १८८९ साली या देशात आलेले डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय उभे केले. कृष्णाकाठच्या पिढ्यान् पिढ्या उपचारासाठी मिरजेला जात आल्या, त्यामागे ही परंपरा आहे. नाताळात वाडीहून परतताना मिरजेकडे बोट दाखवून एवढे जरी मुलांना सांगितले, तरी 'नाताळची सुट्टी' या शब्दातील पहिल्या पदाला अर्थ येईल. सहलीचा खर्च त्याने वाढणार नाही.