दोन तासांची मुदत



गेल्या हिवाळ्यांत एका सायंकाळीं सोलापुराबाहेर पुणें रस्त्यानें फिरावयास गेलों असतां एक प्रसंग पाहण्यांत आला. एक मालमोटार हेलकावे खात येत होती. पुढें शाळेंतून परतणारीं मुलें सायकलींवर चाललीं होतीं. पोलिसानें गाडी थांबवून चालकाच्या तोंडीं श्वासयंत्राची नळी दिली. यंत्रानें शून्य दाखविलें. पण त्या मनुष्याचे डोळे तांबडे होते, वाणी अडखळत होती व पायांत तोल नव्हता. जमलेल्यांपैकीं एक गृहस्थ म्हणाले, "यंत्र शून्य दाखवितें ना? मग सोडा बिचाऱ्याला." पोलिसानें सोडलें नाहीं, अटक करून डॉक्टरांकडे नेलें. दोघांपैकीं बरोबर कोण, हें ठरविण्यास ह्या कायद्याचा इतिहास पाहिला पाहिजे.

नशेंत वाहन हांकण्याचा गुन्हा मोटारीहून जुना आहे. इंग्लंडांत १८७२ च्या कायद्यानें घोडा, गुरें, गाडी किंवा वाफेचें यंत्र ताब्यांत असतां रस्त्यावर मद्यधुंद असणाऱ्यास शिक्षा सांगितली होती. पुढें १० सप्टेंबर १८९७ रोजीं लंडनमध्यें जॉर्ज स्मिथ नांवाच्या चालकानें आपली भाड्याची मोटार एका इमारतीवर नेऊन आदळली. मद्य पिऊन मोटार हांकल्याबद्दल पकडला गेलेला पहिला मनुष्य म्हणून त्याचेंच नांव सांगतात. परंतु तोंपर्यंत विचार होता तो मद्याचाच. १९३० च्या ब्रिटिश कायद्यांत मद्याच्या जोडीस मादक औषधीहि आली, आणि वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास चालक असमर्थ झाला होता काय, ही कसोटी ठरली. आपल्याकडील १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें हीच कसोटी स्वीकारली.

त्यानंतर मद्य व इतर मादक पदार्थ ह्यांच्या वाटा निराळ्या झाल्या. १९८८ च्या कायद्यानें चालकाच्या रक्तांत मद्याचा कितीहि अल्प अंश निषिद्ध केला. १९९४ च्या दुरुस्तीनें १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. मादक पदार्थांसाठीं मात्र असा आंकडा घातला नाहीं. ताबा सुटला होता कीं नाहीं, हीच जुनी कसोटी राहिली. ह्याचें कारण समजण्याजोगें आहे. गांजाची धुंदी कांहीं तासांत ओसरते, पण त्याचा अंश देहांत अनेक दिवस सांपडतो. तेवढ्यावरून, गाडी हांकतांना मनुष्य धुंद होता, असें म्हणतां येत नाहीं.

म्हणूनच त्या कायद्याच्या कलम २०२ मधील अट महत्त्वाची वाटते. गणवेशांतील पोलिसास आपल्या समक्ष हा गुन्हा करणाऱ्यास वॉरंटावांचून पकडतां येतें. मात्र अटकेपासून दोन तासांच्या आंत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीं तर त्यास कोठडींतून सोडावें लागतें. ही मुदत दोहों बाजूंनीं उपयोगी आहे. नशा उतरण्यापूर्वीं पुरावा मिळतो. आणि मधुमेहानें वा जाग्रणानें झोकांड्या खाणारा निरपराध मनुष्य रात्रभर गुन्हेगार म्हणून डांबला जात नाहीं.

२०१९ च्या दुरुस्तीनें मादक पदार्थांची व्याख्या विस्तृत झाली व पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपयांवरून १०,००० रुपयांपर्यंत गेला; सहा महिन्यांपर्यंतची कैद पूर्वींपासून होतीच. हा विषय आपल्या गांवापासून दूरचा आहे, असें कोणीं मानूं नये. २०२३ च्या आक्टोबरांत सोलापुरानजीक चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत मेफेड्रोन ह्या निषिद्ध द्रव्याचा कारखाना पोलिसांनीं उघडकीस आणला. तें द्रव्य घेऊन कोणी चाकावर बसला, तर श्वासयंत्र शून्यच दाखविणार.

तेव्हां त्या गृहस्थांस माझें उत्तर एवढेंच, कीं यंत्रानें मद्य नाहीं असें सांगितलें होतें. मनुष्य शुद्धीवर आहे असें सांगितलें नव्हतें. तो दोषी होता कीं आजारी, हें ठरविणें माझें काम नव्हे, आणि जमावाचेंहि नव्हे. पोलिसानें त्यास वेळेवर डॉक्टरांपुढें उभें केलें, ह्यांत त्या मुलांचें रक्षण झालें, आणि तो निर्दोष असेल तर त्याचेंहि झालें.