परदेशांत झालेलीं इंग्रजांचीं लग्नें व त्यांचे कागद

लग्नासंबंधीं एखादा जुना इंग्रजी कागद दप्तरांत सांपडला म्हणजे संग्राहक त्यांतील वधूवरांचीं नांवें, तारीख व स्थळ टिपून घेतो आणि अमक्याचें लग्न अमक्या सालीं झालें अशी नोंद आपल्या यादींत करून मोकळा होतो. परंतु असा कागद तीन प्रकारचा असूं शकतो. एक लग्न झाल्याचा, दुसरा लग्न करावयाचें आहे असें कळविल्याचा, व तिसरा लग्नास कोणतीहि हरकत आढळली नाहीं असें सांगणारा. यांपैकीं पहिल्यावरूनच काय तें लग्न झालें असें म्हणतां येतें. ब्रिटिश प्रजाजनांनीं स्वदेशाबाहेर केलेल्या लग्नांत हे तीनहि कागद आढळतात, व त्यांतील भेद न ओळखल्यामुळें वंशावळींत चुका शिरतात. हे कागद कसे उत्पन्न झाले व प्रत्येकाचें प्रामाण्य किती, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय परक्या मुलखाचा खरा. पण कंपनीच्या वखारींचा इतिहास पाहणारास तो टाळतां येण्यासारखा नाहीं.

(१) समुद्रापलीकडील लग्नें

इंग्लंडांत लग्नाचा कागद सक्तीचा झाला तो लॉर्ड हार्डविक यांच्या इ. स. १७५३ च्या कायद्यानें. हा कायदा २५ मार्च १७५४ पासून अंमलांत आला. तत्पूर्वीं लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास कित्येक पाद्री पैसे घेऊन गुपचूप लग्नें लावीत. नव्या कायद्यानें चर्चमध्यें तीन रविवार पुकार किंवा परवाना, परवान्यानें लग्न करणारा एकवीस वर्षांखालील असल्यास वडिलांची संमति, दोन साक्षीदार व वहींत सह्यांनिशीं नोंद हीं आवश्यक ठरविलीं. क्वेकर व यहुदी यांस त्यांतून वगळलें होतें. स्कॉटलंड व समुद्रापलीकडील लग्नें यांसहि तो लागू नव्हता. सरहद्दीवरील ग्रेटना ग्रीन या गांवची प्रसिद्धि यांतूनच झाली.

मग समुद्रापलीकडे कोणता कायदा चालावयाचा? याचें उत्तर एका वाक्यांत मिळत नाहीं. परक्या राजाच्या मुलखांत लग्न झालें असेल तर विधि तेथील कायद्याप्रमाणें पाहिजे, हें तत्त्व इ. स. १७५२ मध्यें स्क्रिमशायर खटल्यांत लागू झालें. दोघां अल्पवयी इंग्रजांचें फ्रान्समध्यें लग्न लागलें होतें. तें फ्रान्सच्या कायद्यानें रद्दबातल, म्हणून इंग्लंडांतील धर्मकोर्टानेंहि तें रद्दबातल मानलें. उलटपक्षीं, जेथें इंग्रजांनीं वसाहत करून आपला कायदा बरोबर नेला, तेथें हार्डविकच्या कायद्यापूर्वींची जुनी इंग्रजी रूढि चाले. पण ती रूढि तरी काय? इ. स. १८४४ मध्यें मिलिस खटल्यांत हाउस ऑफ लॉर्ड्समध्यें न्यायाधीशांचीं मतें समसमान पडलीं, आणि दीक्षित पाद्र्याखेरीज लग्न पूर्ण होत नाहीं असा निकाल कायम राहिला. जेथें शेंकडों कोसांत असा पाद्री नव्हता, तेथील दांपत्यांची अवस्था यामुळें कठीण झाली. इ. स. १८४७ मध्यें डॉ. लशिंग्टन यांनीं न्यू साउथ वेल्समधील एका लग्नास हा नियम लावण्याचें नाकारलें, तेव्हां वसाहतींस कांहींसा दिलासा मिळाला.

विधि स्थानिक कायद्यानें शुद्ध असला तरी पात्रता स्वदेशाच्या कायद्यानें ठरते, हा दुसरा धडा ब्रुक खटल्यानें दिला. मृत पत्नीच्या बहिणीशीं लग्न इंग्लंडांत इ. स. १८३५ पासून रद्दबातल होतें. डेन्मार्कच्या राजाच्या मुलखांत, होल्स्टाइनमध्यें, त्यास मनाई नव्हती. एका इंग्रज गृहस्थानें इ. स. १८५० मध्यें तेथें जाऊन असें लग्न केलें. कागद सर्व यथास्थित होते. तरी इ. स. १८६१ मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्सनें तें लग्न नाकारलें व त्या विवाहाचीं मुलें अनौरस ठरलीं. इंग्लंडांतील ही मनाई इ. स. १९०७ मध्यें उठली. त्या मुलांस त्याचा उपयोग नव्हता.

(२) वखारी व वकिलाती

व्यापारी मंडळांच्या परदेशांतील वखारींत व राजाच्या वकिलांच्या घरीं इंग्रज पाद्री लग्नें लावीत आले होते. हीं लग्नें कोणत्या आधारावर उभीं आहेत, अशी शंका निघाली. सेंट पीटर्सबर्ग येथील ब्रिटिश वखार मोडल्यानंतर तेथें झालेलीं लग्नें कायदेशीर ठरविण्यास इ. स. १८२३ मध्यें पार्लमेंटास स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच वर्षींच्या दुसऱ्या कायद्यानें वकिलातींच्या प्रार्थनामंदिरांत किंवा घरांत, वखारींत, आणि परमुलखांतील ब्रिटिश लष्कराच्या छावणींत झालेलीं लग्नें ग्राह्य धरलीं. म्हणजे कागद आधीं व कायदा मागाहून, असा हा क्रम आहे.

हिंदुस्थानांतहि हाच घोळ होता. मद्रास येथें दोघां ब्रिटिश प्रजाजनांचें लग्न कॅथॉलिक पाद्र्यानें लावलें होतें, व गव्हर्नरचा परवाना घेण्याची तेथील चाल पाळली गेली नव्हती. इ. स. १८१६ मध्यें लातूर विरुद्ध टीझडेल या खटल्यांत तें लग्न ग्राह्य ठरलें. कारण मद्रासेस वसलेल्या इंग्रजांनीं आपला जुना कायदा बरोबर आणला होता. (खटल्यांतील ‘लातूर’ हें आडनांव आहे, आपल्याकडील गांवाशीं त्याचा संबंध नाहीं.) स्कॉटिश चर्चच्या पाद्र्यांनीं हिंदुस्थानांत लावलेल्या लग्नांविषयींचा संशय इ. स. १८१८ च्या कायद्यानें दूर केला. पुढें इ. स. १८५१ चा पार्लमेंटचा कायदा व इ. स. १८७२ चा ख्रिस्ती विवाहांचा हिंदुस्थानी कायदा यांनीं नोंदींची पद्धति बांधून दिली.

मुंबईच्या संग्राहकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. येथील चर्चांतील बाप्तिस्मे, लग्नें व दफनें यांच्या नकला कंपनीच्या लंडन कचेरीस जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहेत. मुंबई इलाख्याच्या नकला इ. स. १७०९ पासूनच्या आहेत. सेंट थॉमस चर्च इ. स. १७१८ मध्यें उघडलें, म्हणजे नकलांचा आरंभ त्याहून जुना. पण त्या नकला आहेत, मूळ वह्या नव्हेत. नक्कलकाराच्या हातून आडनांवांचीं रूपें बदलतात. म्हणून मूळ वही उपलब्ध असेल तेथें नकलेवर विसंबूं नये.

(३) कॉन्सलपुढील लग्न

वखारींचा काळ संपून व्यापार शहराशहरांत पसरला, तेव्हां पाद्र्याची जागा कॉन्सलनें घेतली. इ. स. १८४९ च्या कायद्यानें कॉन्सलास लग्न लावण्याचा अधिकार दिला. तेव्हांपासूनच्या कॉन्सली नोंदी लंडनच्या जनरल रजिस्टर ऑफिसांत आहेत. इ. स. १८९२ च्या परदेशीय विवाहांच्या कायद्यानें ही सर्व व्यवस्था एकत्र केली. वधूवरांपैकीं निदान एक ब्रिटिश प्रजाजन असावा. त्यांनीं विवाह-अधिकाऱ्याच्या टापूंत तीन आठवडे राहून लेखी सूचना द्यावी. ती सूचना कचेरींत चौदा दिवस सर्वांस दिसेल अशी लावावी. प्रतिबंध नसल्याबद्दल शपथ घ्यावी. मग अधिकाऱ्याच्या कचेरींत, दारें उघडीं ठेवून, निदान दोन साक्षीदारांसमक्ष लग्न व्हावें, आणि त्याची नोंद दोन प्रतींत करावी.

उघड्या दारांची अट केवळ शिष्टाचाराची नव्हे. लग्न चोरून झालें नाहीं, ज्यास हरकत घ्यावयाची त्यास आंत येण्यास वाट होती, हें त्या दारानें सिद्ध होतें. आपल्याकडील महजरांत जमलेल्या गोतास जें महत्त्व, तेंच येथें उघड्या दारास. हिंदुस्थान सरकारनें इ. स. १९०३ मध्यें याच विषयावर कायदा केला. स्वतंत्र भारतानें तो रद्द करून इ. स. १९६९ चा परदेशीय विवाह कायदा आणला. त्यांतहि विवाह-अधिकारी, सूचना व हरकत हीच चौकट आहे.

(४) ना-हरकत दाखल्याचा उगम

कॉन्सलपुढें लागलेलें लग्न इंग्लंडांत ग्राह्य. पण ज्या देशांत तें लागलें तो देश त्यास मान देईलच असें नव्हतें. म्हणून पुष्कळ जण स्थानिक कायद्यानेंच लग्न करीत. तेथें नवी अडचण आली. फ्रान्ससारख्या देशांत अधिकारी परकीयास विचारीत: तुमच्या देशाच्या कायद्यानें तुम्ही लग्नास मोकळे आहां याचा पुरावा काय? इंग्लंडांत असा कागद देणारा अधिकारीच नव्हता.

याची दुसरी बाजू अधिक दुःखाची आहे. फ्रान्समध्यें वडिलांच्या संमतीचा नियम कडक होता. एकोणीस वर्षांच्या एका फ्रेंच तरुणानें इ. स. १८९८ मध्यें इंग्लंडांत एका इंग्रज स्त्रीशीं लग्न केलें; वडिलांची संमति नव्हती. इ. स. १९०१ मध्यें फ्रेंच कोर्टानें तें लग्न रद्द केलें. ती स्त्री इंग्रजी कोर्टाकडे गेली. पण नवऱ्याचें कायम वास्तव्य फ्रान्सचें म्हणून कोर्टानें अधिकार नाहीं असें सांगितलें. तिनें इ. स. १९०४ मध्यें दुसरें लग्न केलें, आणि पुढें त्या दुसऱ्या पतीनेंच कोर्टांत धांव घेतली. ऑग्डेन खटला या नांवानें इ. स. १९०८ च्या न्यायनिवेदनांत छापलेल्या निकालाप्रमाणें पहिलें लग्न इंग्लंडांत कायम होतें, म्हणून दुसरें रद्द. एकच स्त्री फ्रान्समध्यें अविवाहित व इंग्लंडांत विवाहित. आणि जो तिला बायको म्हणवील असा पुरुष दोन्ही देशांत नाहीं. लग्नाआधीं एका कागदाची चौकशी झाली असती तर हा प्रसंग टळता.

इ. स. १९०६ चा परकीयांशीं विवाहाचा कायदा अशाच अडचणींसाठीं होता. परदेशांत तेथील कायद्यानें परकीयाशीं लग्न करूं इच्छिणाऱ्या ब्रिटिश प्रजाजनानें, स्वदेशीं असल्यास रजिस्ट्रारास व परदेशीं असल्यास विवाह-अधिकाऱ्यास सूचना द्यावी. सूचनेची मुदत संपेपर्यंत कोणतीहि कायदेशीर हरकत पुढें आली नाहीं, तर तसा दाखला मिळावा. उलट बाजूनें, इंग्लंडांत लग्न करणाऱ्या परकीयानें आपल्या देशाचा तसाच दाखला आणावा, अशीहि तरतूद होती. मात्र ती परराष्ट्राशीं आधीं व्यवस्था ठरण्यावर अवलंबून होती.

(५) आजची स्थिति

हा दाखला आजहि चालू आहे. इंग्लंड व वेल्समध्यें इ. स. २०१५ पासून सूचनेची मुदत अठ्ठावीस दिवसांची आहे. इ. स. २००४ च्या कायद्यानें समलिंगी जोडप्यांस नागरी भागीदारी नोंदवितां येऊं लागली. ती ५ डिसेंबर २००५ पासून अंमलांत आली, व तीसाठींहि असा दाखला मिळतो. इ. स. २०१३ च्या कायद्यानें समलिंगी विवाहास मान्यता दिली, आणि त्याच्या अनुषंगानें इ. स. १८९२ चा जुना कायदा इ. स. २०१४ मध्यें रद्द झाला. कॉन्सलपुढील लग्न आतां क्वचित्, व यजमान देशाची हरकत नसेल तेथेंच होतें.

दाखल्यावरील सही खरी कशावरून, यासाठीं ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानें ‘अपोस्टिल’ नांवाचा शिक्का ठरविला; भारत या करारांत इ. स. २००५ मध्यें आला. हा शिक्का सही व मोहोर खरी असल्याचें सांगतो. मजकूर खरा असल्याची जबाबदारी तो घेत नाहीं.

(६) संग्राहकांस सूचना

वरील इतिहासावरून तीन गोष्टी निघतात. सूचना ही इच्छेचा पुरावा आहे. ना-हरकत दाखला हा मुदतींत हरकत न आल्याचा पुरावा आहे. हरकत मुळांत नव्हतीच असें त्यावरून म्हणतां येत नाहीं, आणि लग्न झालें असें तर मुळींच नाहीं. नोंदवहींतील सह्या हा लग्नविधीचा पुरावा आहे. तरी ब्रुक खटल्याप्रमाणें विधि शुद्ध असूनहि विवाह नाशाबीत ठरूं शकतो. म्हणून यादींत ‘लग्नाचा कागद’ असें मोघम न लिहितां कागदाची जात, देणारा अधिकारी व कोणत्या कायद्याखालीं दिला तें लिहावें.

लंडनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत परदेशांतील इंग्रजांच्या नोंदवह्या इ. स. १६२७ पासूनच्या आहेत. पण सूचना व दाखले हे काम झालें कीं फेंकून देण्याचे कागद समजले जात. ते खाजगी पेट्यांत, पत्रांच्या चळतींत व जुन्या बायबलच्या पानांत राहिले. ज्या लग्नाची वही सांपडत नाहीं, त्याचा माग लावण्यास असा एक चिटोराहि पुरतो. तो हातीं आल्यास जपून ठेवावा. मात्र त्यावर जें लिहिलेलें नाहीं तें त्याच्याकडून वदवूं नये.