पेन ड्राइव्ह : चित्रपट साठवण्यासाठी क्षमतेची निवड

पेन ड्राइव्ह हे फ्लॅश स्मृतीवर चालणारे, यूएसबी खाचेत बसणारे, खिशात मावणारे साठवणीचे साधन आहे. फ्लॅश स्मृतीचा शोध तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात लावला. पेन ड्राइव्ह २००० साली बाजारात आले. त्या वेळचे पेन ड्राइव्ह अवघ्या ८ एमबीचे होते. आज १२८ जीबीचेही सहज मिळतात. चित्रपटांसाठी किती जीबीचा घ्यावा, हे ‘किती पिक्चर बसतात’ एवढ्या प्रश्नावरून ठरत नाही. चित्रपटाची लांबी, चित्राची प्रत आणि तो कोणत्या टीव्हीवर लावायचा आहे, या तिन्हींचा हिशेब करावा लागतो.

आकाराचे गणित. फाइलचा आकार लांबी आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी माहिती, यांवरून ठरतो. मिनिटे गुणिले एमबीपीएसमधला (मेगाबिट प्रति सेकंद) बिटरेट गुणिले साडेसात केले की आकार एमबीत मिळतो. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याच्या नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) हा चित्रपट १७४ मिनिटांचा आहे. १ एमबीपीएसच्या साध्या प्रतीत तो १.३ जीबी, २ एमबीपीएसच्या एचडी प्रतीत २.६ जीबी, तर ५ एमबीपीएसच्या फुल एचडी प्रतीत ६.५ जीबी होतो. १६ एमबीपीएसच्या फोर-के प्रतीत असाच लांब चित्रपट २१ जीबीच्या आसपास जातो. एच.२६५ पद्धतीने दाबलेली फाइल जुन्या एच.२६४ पेक्षा साधारण निम्म्या जागेत तेवढेच चांगले चित्र देते, पण जुने टीव्ही ती वाचत नाहीत.

सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे एकाच फाइलीत दोन-तीन भाषांचा आवाज असणे इथल्या घरांना फार सोयीचे. १९२ केबीपीएसचा एक जादा आवाज तासाला सुमारे ८६ एमबी घेतो. उपशीर्षकांची फाइल तर नगण्य असते. आजीला कळेल ती भाषा जागेच्या काळजीने काढून टाकण्याचे काहीच कारण नाही.

छापील आणि प्रत्यक्ष क्षमता. कंपन्या १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. म्हणून १६ जीबीचा ड्राइव्ह संगणकावर १४.९, ३२ चा २९.८, ६४ चा ५९.६ आणि १२८ चा ११९.२ दिसतो. ही फसवणूक नव्हे. अडीच तासांचे फुल एचडी चित्रपट ३२ जीबीत पाच, ६४ जीबीत दहा-अकरा आणि १२८ जीबीत बावीसच्या घरात बसतात. एचडी प्रतीत हीच संख्या दुपटीहून अधिक होते.

मांडणी. जागा शिल्लक असूनही फाइल उतरत नाही, याचे नेहमीचे कारण फॅट३२ ही मांडणी असते. तीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. म्हणजे ‘सैराट’ची ६.५ जीबीची प्रत रिकाम्या ३२ जीबीच्या ड्राइव्हवरही जाणार नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस मांडणीत ही अडचण नाही. मात्र जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. आधी टीव्हीचे माहितीपत्रक पाहावे, मग ड्राइव्ह फॉरमॅट करावा. फॉरमॅट केल्यावर आतले सगळे पुसले जाते, हे विसरू नये.

वेग. पाहण्यासाठी वेगवान ड्राइव्ह लागत नाही. ५ एमबीपीएसच्या चित्रपटाला सेकंदाला एक एमबीसुद्धा (मेगाबाइट, मेगाबिट नव्हे) पुरते, त्यामुळे यूएसबी २.० भरपूर झाले. वेगाचा उपयोग भरताना होतो. सेकंदाला ८ एमबी लिहिणाऱ्या ड्राइव्हवर ६.५ जीबीची फाइल उतरायला साडेतेरा मिनिटे लागतात, ४० एमबी लिहिणाऱ्यावर तीन मिनिटेही नाहीत.

काय साठवावे. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचे स्वामित्व प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकते. ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरचा व्ही. शांतारामांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) ही मुदत केव्हाच ओलांडून गेले आहेत. नवे चित्रपट दुकानातून भरून घेणे मात्र बेकायदा आहे, आणि ते बनवणाऱ्यांच्या कष्टांवर अन्याय करणारेही. ओटीटी ॲपमध्ये उतरवलेला चित्रपट कुलूपबंद असतो. तो पेन ड्राइव्हवर नेला तरी चालत नाही.

घरचे चित्रपट हा सर्वांत मोलाचा साठा. लग्नाचे शूटिंग आता डीव्हीडीऐवजी पेन ड्राइव्हवर मिळते. हळद, अक्षता, वरात धरून तीन तासांचे चित्रण १५ एमबीपीएसने २० जीबी होते, फोटो वेगळेच. त्यासाठी ६४ जीबी घ्यावा.

खरेदी आणि जपणूक. अगदी स्वस्तात मिळणाऱ्या मोठ्या क्षमतेच्या ड्राइव्हमध्ये अनेकदा बनावट माल असतो. तो १२८ जीबी दाखवतो, पण आतली खरी चिप लहान असते. ती भरली की पुढच्या फाइली खराब होतात. नवा ड्राइव्ह ‘एच२टेस्टडब्ल्यू’सारख्या मोफत प्रणालीने पूर्ण भरून तपासावा, म्हणजे परत करण्याची मुदत हातात असतानाच खोट कळते. फ्लॅश स्मृतीतला विद्युतभार काळानुसार झिरपतो, उष्णतेत अधिक लवकर. सोलापुरातला उन्हाळा चाळिशी पार करतो, म्हणून ड्राइव्ह गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवू नये.

शिफारस. जुना टीव्ही आणि साध्या प्रतीचे जुने चित्रपट असतील तर १६ किंवा ३२ जीबी पुरे. फुल एचडी पाहणाऱ्या कुटुंबाला ६४ जीबी सर्वांत योग्य. फोर-के टीव्ही किंवा मोठा संग्रह असेल तर १२८ जीबी. त्याहून मोठ्या संग्रहाला पोर्टेबल हार्ड डिस्क घ्यावी. लग्नाच्या आणि घरच्या चित्रणाची दुसरी प्रत वेगळ्या साधनावर ठेवावीच, कारण चित्रपट पुन्हा मिळतो, घरातल्या माणसांचे चित्रण मिळत नाही.